इंटर्नल ऑडिटचा अहवाल शेवटी कुणाच्या टेबलावर जातो?

काटापावती

नमस्कार मंडळी. 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स' म्हटलं की बहुतेकांना वार्षिक अहवालातली गुळगुळीत कागदाची पानं आठवतात. मी एकोणीस वर्षं इंटर्नल ऑडिटमध्ये आहे, आधी सीए फर्ममधून आणि नंतर नोकरीत. कंपनीचा कारभार चांगला आहे की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. ऑडिटमध्ये सापडलेली अडचणीची गोष्ट न बदलता वरपर्यंत पोचते का, आणि पोचायला किती दिवस लागतात? असं का म्हणतो ते एका अनुभवावरून सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही.

पुण्याजवळच्या एमआयडीसीतला कारखाना. मशीनिंगचं काम असल्यामुळे टर्निंगचं भंगार रोज ढिगाने निघायचं. उचलणारा ठेकेदार ठरलेला, दर वर्षाच्या कराराने बांधलेला. रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, आत जाऊन भरायचा, पुन्हा काट्यावर आणायचा आणि दोन वजनांतल्या फरकाचं बिल करायचं, अशी पद्धत. गेटपास, काटापावती आणि बिल हे तिन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळायचे. आधीच्या तीन ऑडिटमध्ये एवढंच तपासलं होतं आणि तिन्ही वेळा शेरा होता 'समाधानकारक'.

त्या वर्षी मी काट्याच्या संगणकातून वर्षभराची माहिती काढून घेतली आणि ट्रकच्या नंबराप्रमाणे लावली. रिकाम्या ट्रकचं वजन दर खेपेला थोडं बदलतंच. टाकीत डिझेल किती, क्लीनर केबिनमध्ये बसलाय की खाली उतरलाय, यावर तीस-चाळीस किलो इकडेतिकडे होतात. पण एक ट्रक जूनपर्यंत ६,१४० किलोच्या आसपास होता आणि जुलैपासून प्रत्येक खेपेला ६,६९०च्या आसपास. ट्रक तोच, नंबर तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भंगाराच्या यार्डात जाऊन उभा राहिलो. मे महिना, जमीन तापून पांढरी पडलेली, जवळपास कुठे नळ नाही. आणि ट्रक लागायचा नेमक्या त्या जागी चिखल! मग सगळं उलगडलं. ट्रक आत येताना ताडपत्रीखाली पाण्याने भरलेले तीन ड्रम असायचे. रिकाम्या ट्रकचं वजन त्या पाण्यासकट व्हायचं, पाणी यार्डात सोडून दिलं जायचं आणि तेवढंच भंगार फुकट बाहेर जायचं. खेपेला साडेपाचशे किलो. ३४ रुपये दराने १८,७०० रुपये. महिन्याला सरासरी ११ खेपा.

खरी गोष्ट यापुढे आहे. मी अहवालात 'गंभीर' असा दर्जा लावला. प्लँट हेडनी बोलावून घेतलं. ठेकेदार बदलतो, काट्यावर कॅमेरा बसवतो, पण 'गंभीर' काढा, म्हणाले. मी काढलं नाही. अहवाल माझ्या साहेबांकडे, म्हणजे फायनान्स हेडकडे गेला. तिथून संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीकडे जो गोषवारा गेला त्यात एक ओळ होती: 'भंगार विक्रीच्या प्रक्रियेत सुधारणेस वाव आहे.' ड्रम नाहीत, चिखल नाही, रक्कम नाही.

पाच महिन्यांनी कमिटीवर एक नव्या स्वतंत्र (कंपनीच्या व्यवस्थापनाबाहेरच्या) संचालक आल्या. सरकारी कंपनीतून निवृत्त झालेल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "सुधारणेस वाव म्हणजे किती रुपये?" खोलीत कुणी बोलेना. मग त्यांनी मूळ अहवाल मागवला, व्यवस्थापनाच्या लोकांना दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं आणि मला एकट्याला बसवून सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर प्रत्येक 'गंभीर' शेऱ्याची मूळ प्रत थेट कमिटीकडे जाऊ लागली. गेलेले पैसे फारसे परत आले नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्या कामाची पद्धत बदलली, आणि माझ्या हाताखालच्या पोरांचीही.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? ऑडिट करणारे आणि ज्यांचं ऑडिट होतं ते, दोघांनीही लिहा.

स्टोअर्सवाली

लेख आवडला. मी दुसऱ्या बाजूची, चौदा वर्षं स्टोअर्स सांभाळते आहे. राग मानू नका, पण ऑडिटवाले आले की आमच्या पोटात गोळा येतो तो चोरी सापडेल म्हणून नव्हे. मोठ्या साहेबांचा फोन येतो, "माल गेटवर आलाय, आत घ्या, पीओ नंतर होईल." पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर. मी घेते. नाही घेतला तर लाइन थांबते. तीन महिन्यांनी ऑडिट येतं आणि अहवालात छापलं जातं: 'स्टोअर्स विभागाने पीओशिवाय माल स्वीकारला.' फोन करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. दरवर्षी तोच शेरा, दरवर्षी माझंच उत्तर, 'यापुढे काळजी घेतली जाईल.'

बिन कार्डावरचे (साठ्याच्या नोंदीतले) चार बोल्ट कमी भरले तर त्याची नोंद होते. पण त्याच वस्तूचा दर एका वर्षात दोनदा का वाढवून दिला, हे विचारायला कुणी वरच्या मजल्यावर जात नाही. तपासणी फक्त खालच्यांची होत असेल तर त्याला चांगला कारभार कसं म्हणायचं?

काटापावती

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि हा दोष आमच्या धंद्याचा आहे. शेरा लिहिताना 'काय झालं' एवढ्यावर थांबलं की दोष सगळ्यात खालच्या सहीवर जाऊन बसतो. 'का झालं' तिथपर्यंत गेलं की कुणाची सही असायला हवी होती आणि नाही, हे समोर येतं. तुमच्या उदाहरणात योग्य शेरा असा हवा: 'वर्षात अमुक इतका माल पीओच्या आधी आला, त्यातला इतका अमुक पुरवठादाराचा, तोंडी सूचना देण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नसताना ती दिली गेली.' पीओची तारीख आणि गेटवरची आवक तारीख शेजारी शेजारी लावली की ही यादी एका तासात निघते.

एक व्यावहारिक सुचवतो. असा फोन आला की लगेच त्याच साहेबांना दोन ओळींची मेल टाका: 'आपल्या सूचनेप्रमाणे माल आत घेतला, पीओची वाट पाहते.' भांडण नको, नुसती नोंद. पुढच्या ऑडिटला तीच दाखवा.

निवृत्त_शाखाधिकारी

बँकेतला माणूस आहे म्हणून लिहितो. २०१८च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतल्या घोटाळ्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी दुसऱ्या बँकेत नोकरीत होतो. १४ फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा ११,४०० कोटींच्या घरात होता, पुढे तो १३,०००च्या वर गेला.

हिऱ्यांच्या व्यापारातल्या कंपन्यांसाठी शाखेतून लेटर ऑफ अंडरटेकिंग दिली जात होती. म्हणजे परदेशातल्या दुसऱ्या भारतीय बँकेच्या शाखेला हमी, की या आयातदाराला पैसे द्या, नाही फेडले तर आम्ही देऊ. हमीचा संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेश यंत्रणेवरून जायचा. पण स्विफ्ट आणि बँकेची मूळ संगणक प्रणाली, जिला आपण सीबीएस म्हणतो, या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टवर संदेश गेला आणि सीबीएसमध्ये नोंद केलीच नाही, तर बँकेच्या पुस्तकात ते कर्ज अस्तित्वातच नाही. जुनी हमी फेडायला नवी हमी, असं ते वर्षानुवर्षं चालत राहिलं.

सीबीएसचे कागद काढून टिकमार्क करत बसणाऱ्या ऑडिटरला हे दिसणारच नव्हतं. काटापावतींच्या तीन कागदांसारखंच, सगळं जुळत होतं. बघायला हवा होता तो स्विफ्टमधून बाहेर गेलेल्या संदेशांचा रोजचा लॉग, आणि तो सीबीएसच्या यादीशी ताडून पाहायला हवा होता.

उघड कसं झालं तेही लक्षात घ्या. संबंधित अधिकारी २०१० पासून त्याच शाखेत होता. तो २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपन्या नेहमीप्रमाणे आल्या. खुर्चीवरच्या नव्या माणसाने शंभर टक्के रोख मार्जिन, म्हणजे हमीइतकी रक्कम आधीच जमा करायला मागितलं. "आजपर्यंत कधी द्यावं लागलं नाही," म्हणाल्या. त्याने जुन्या नोंदी शोधल्या, तर नोंदीच नाहीत. खुर्ची बदलल्याबरोबर सगळं उघडं पडलं. म्हणून संवेदनशील जागांवरच्या माणसाला वर्षातून सलग दहा कामाचे दिवस सक्तीने, आधी न कळवता रजेवर पाठवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम मला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे काहीजण 'मी वीस वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही' असं अभिमानाने सांगायचे. इन्स्पेक्शनला गेलो की मी आधी त्यांचंच टेबल बघायचो.

सायझिंगवाला

इचलकरंजीहून. आमचा घरचा सायझिंगचा (सुताला खळ लावण्याचा) धंदा, प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल साधारण ४० कोटी. वडील आणि काका संचालक, आता मी आणि चुलतभाऊ. आम्हाला हे इंटर्नल ऑडिट कायद्याने लागतं का? आमचे सीए वर्षातून एकदा ऑडिट करतातच, तेच हेही करतील का?

कंपनीसचिव_ठाणे

@सायझिंगवाला, कायद्याने तुम्हाला लागत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३८ आणि २०१४ च्या लेखा नियमांमधला नियम १३ बघा. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागतो. प्रायव्हेट कंपनीला तेव्हाच, जेव्हा आधीच्या आर्थिक वर्षात उलाढाल २०० कोटी किंवा जास्त असेल, किंवा बँका-वित्तसंस्थांचं फेडायचं बाकी असलेलं कर्ज कधीही १०० कोटींच्या पुढे गेलं असेल. नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीला याशिवाय ५० कोटींच्या भरणा भांडवलाची आणि २५ कोटींच्या ठेवींची अशा आणखी दोन अटी आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साफ 'नाही' असं आहे. वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीचं वार्षिक ऑडिट करणाऱ्याला त्याच कंपनीचं इंटर्नल ऑडिट करायला कलम १४४ ने मनाई आहे. आपणच लावलेली घडी आपणच तपासायची, हे चालत नाही. इंटर्नल ऑडिटर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट असू शकतो, संचालक मंडळ ठरवेल तो दुसरा व्यावसायिकही चालतो. तो कंपनीचा नोकर असला तरी हरकत नाही.

वैधानिक ऑडिटर वर्षअखेरीचे हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात की नाही यावर मत देतो. भंगाराच्या ट्रकमधले ड्रम त्याच्या नजरेस पडतीलच असं नाही. इंटर्नल ऑडिटर वर्षभर कंपनीची कामाची पद्धत बघतो: खरेदी कशी होते, कुणाला कुठवर मंजुरीचा अधिकार आहे, पगारपत्रकावर नोकरी सोडून गेलेला माणूस आहे का.

नोंदलेल्या कंपन्यांत ऑडिट कमिटीचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र संचालक असावे लागतात. वर्षातून निदान चार बैठका हव्यात आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मुख्य इंटर्नल ऑडिटरची नेमणूक, त्याला काढणं, त्याचा मोबदला हेही कमिटीसमोर यावं लागतं. पण काटापावतींचा जो मूळ मुद्दा आहे, इंटर्नल ऑडिटरने थेट कमिटीला अहवाल द्यावा, तो सेबीच्या नियमांत ऐच्छिक भागात आहे. कंपनी करू शकते, केलंच पाहिजे असं नाही. मला ही त्रुटी वाटते आणि ती बदलायला हवी, असं मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

उलटतपासणी

सगळं ठीक आहे, पण सत्यम कॉम्प्युटर्सचं काय? ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक मुळात नाहीच. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २००८ मध्ये, याच कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. स्वतंत्र संचालक होते, नावाजलेले. ऑडिट कमिटी होती. इंटर्नल ऑडिट विभाग होता. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये ज्या १० जणांना दोषी ठरवलं, त्यांत कंपनीचा इंटर्नल ऑडिटचा प्रमुखही होता. मग पुढे अपील वगैरे झालं, ते सोडा. मला विचारायचंय ते हे की मालकालाच खोटं करायचं असेल तर त्याच्याच पगारावरचा ऑडिटर काय करणार?

मी शेअर बाजारात स्वतःच्या पैशाने गुंतवणूक करतो, म्हणून तळमळीने विचारतोय.

काटापावती

प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे याचं गोड उत्तर नाही. मालक, फायनान्स आणि ऑडिट प्रमुख तिघेही एका बाजूला गेले तर इंटर्नल ऑडिट रोखू शकत नाही.

पण सत्यममध्ये तपासात जे निघालं ते आमच्या कामाच्या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. ७,५६१ खोटी बिलं सापडली. बिलांच्या प्रणालीत 'सुपर यूजर'चा अधिकार वापरून ती घुसवलेली आणि काम बघणाऱ्या विभागाच्या लोकांपासून लपवलेली. ज्या प्रकल्पावर कुणी काम केलेलं नाही, त्याचं बिल. कामाचे तास आणि बिलं शेजारी ठेवली असती, सुपर यूजर कोण कोण आहे याची यादी काढली असती, तर प्रश्न उभा राहिला असता. बँकेच्या ठेवींचं तर त्याहून सोपं. ठेवीची पावती कंपनीच्या हातून घ्यायची नाही, बँकेकडून थेट खातरजमा मागवायची. आज माझ्याकडची आर्टिकलची (सीएचं प्रशिक्षण घेणारी) पोरंसुद्धा बँकेचं पत्र कंपनीच्या माणसाच्या हातून घेत नाहीत.

म्हणून म्हणतो, इंटर्नल ऑडिटची किंमत ते कुणाला उत्तर देतं यावर आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच हातात माझी बढती असेल, तर माझं पेन जड होणारच. अशी रात्र मी काढलेली आहे. 'गंभीर' काढू की ठेवू, बायकोला विचारत बसलो होतो.

न्यूजर्सीकर

@उलटतपासणी, उलट बाजूचं उदाहरण माझ्याकडे आहे. मी इकडे अमेरिकेत गेली अकरा वर्षं सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ४०४ खाली कंट्रोल टेस्टिंग करते, म्हणजे कंपनीतल्या अंतर्गत तपासण्या नीट चालतात का ते बघते. हा कायदा आला त्याच्या महिनाभर आधी वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं होतं, आणि ते काढलं कंपनीच्या इंटर्नल ऑडिटनेच.

कंपनी मिसिसिपी राज्यातल्या क्लिंटनची. सिंथिया कूपर ऑडिट प्रमुख. दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या लाइन वापरायचं जे भाडं द्यावं लागतं तो रोजचा खर्च. तो खर्चात न टाकता मालमत्ता म्हणून दाखवला जात होता, म्हणजे नफा फुगायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर घरभाडं भरायचं आणि वहीत घर विकत घेतलं असं लिहायचं. आणि कूपर ज्यांना रिपोर्ट करायच्या ते फायनान्स प्रमुखच यात होते.

त्यांच्या टीमने मे-जून २००२ मध्ये गुपचूप, बराचसा रात्री बसून, खात्यांमधल्या लाखो नोंदी तपासल्या. फायनान्स प्रमुखांनी सांगितलं, आत्ता हे ऑडिट पुढे ढकला. कूपर थांबल्या नाहीत. त्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेल्या. २५ जूनला कंपनीने ३८० कोटी डॉलरची चूक जाहीर केली, २१ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज केला. ३० जुलैला सार्बेन्स-ऑक्सली कायद्यावर सही झाली.

दिवाळखोरी टळली नाही, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण साहेब आड आल्यावर जायला एक दुसरं दार होतं, आणि ते दार ठोठावणारी बाई होती. दोन्ही लागतात. मी नवीन लोकांना पहिल्या आठवड्यात हे सांगते.

गृहनिर्माण_सचिव

मोठ्या कंपन्यांमधलं फार कळत नाही. मी डोंबिवलीतल्या ८४ सदनिकांच्या सोसायटीचा सचिव. आमच्याकडे सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली वैधानिक ऑडिट होतं आणि शेवटी वर्ग मिळतो, अ, ब, क, ड. 'अ' वर्ग मिळाला की सर्वसाधारण सभेत टाळ्या. पण त्याच अहवालाच्या मागे दोषांची यादी असते आणि तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल, आपला 'ओ' नमुना, भरून द्यायचा असतो. मी सचिव झालो तेव्हा मागची सहा वर्षं काढून पाहिली. एकच दोष सहाही वर्षं होता: सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच्या निधीची) रक्कम वेगळी गुंतवलेली नाही. सहाही 'ओ' नमुन्यांत तेच एक वाक्य: 'पूर्तता करण्यात येईल.'

स्टोअर्सवाली ताईंचं 'यापुढे काळजी घेतली जाईल' वाचलं आणि हे आठवलं. आता आम्ही सभेत आधी मागच्या वर्षीचा 'ओ' नमुना मोठ्याने वाचतो, मगच नवीन अहवाल. पहिल्या वर्षी फार वादावादी झाली. पण सिंकिंग फंड आता जिल्हा बँकेत वेगळा आहे.

काटापावती

सचिव साहेब, धाग्याचं सार्थक झालं. मी हे आमच्याकडे तसंच्या तसं उचलणार आहे.

कंपन्यांत याला एटीआर म्हणतात, कारवाई अहवाल. बहुतेक ठिकाणी तो नव्या अहवालाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून असतो, आणि बैठकीत तिथपर्यंत पोचायच्या आत जेवणाची वेळ होते. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कोणता शेरा किती दिवस उघडा आहे, तारीख किती वेळा पुढे ढकलली, कुणी ढकलली. एखाद्या कंपनीत काय चाललंय हे मला दहा मिनिटांत समजून घ्यायचं असेल तर मी फक्त हा तक्ता मागतो.

आर्टिकल_दुसरं_वर्ष

सर, मी नाशिकला आर्टिकलशिप करतोय. इंटर्नल ऑडिटला जातो. मागच्या महिन्यात एका क्लायंटकडे दोन पुरवठादारांचं बँक खातं एकच निघालं. मी लिहिलं तर सीनियर म्हणाले, 'सौम्य लिही, क्लायंट दुखावेल.' मग मी लिहिलं, 'पुरवठादारांच्या नोंदी अद्ययावत करण्याची गरज आहे.' आता हा धागा वाचून झोप येत नाहीये. काय करायला हवं होतं?

काटापावती

झोप येत नाही हे चांगलं लक्षण आहे, पण स्वतःला फार बोल लावू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या पोरावर हे ओझं टाकायला नको होतं.

सौम्य लिहिणं आणि मोघम लिहिणं यात फरक आहे. भाषा सौम्य ठेव, आकडे पूर्ण ठेव. असं लिहून बघ: 'पुरवठादार क्रमांक अमुक आणि अमुक यांच्या नावे एकच बँक खाते नोंदलेले आढळले. गेल्या बारा महिन्यांत या खात्यात एकूण इतकी रक्कम, इतक्या बिलांपोटी, जमा झाली. दोन्ही पुरवठादारांची नोंद एकाच वापरकर्त्याच्या लॉगिनमधून झाली आहे. पत्ता व जीएसटी क्रमांक पडताळून पाहावे.' यात कुणालाही चोर म्हटलेलं नाही. एकाच मालकाच्या दोन फर्म असू शकतात, साधी टायपिंगची चूकही असू शकते. पण वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येईल इतकी माहिती आहे. तू लिहिलेल्या वाक्यावरून कुणालाच काही विचारता येणार नाही.

आत्ताही वेळ गेलेली नाही. तुझी कार्यपत्रिका आहे ना? त्यात मूळ निरीक्षण, स्क्रीनशॉट आणि तारीख नीट लावून ठेव. मग सीनियरकडे नव्हे, अहवालावर सही करणाऱ्या पार्टनरकडे पाच मिनिटं माग. तक्रार म्हणून जाऊ नकोस. 'सर, हे बघून घ्याल का?' एवढंच म्हण. सही त्यांची आहे, जाणून घ्यायचा हक्कही त्यांचा आहे.

आणि पुढच्या वेळी तीच यादी कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या खात्यांशीही लावून बघ.

सायझिंगवाला

कायद्याने लागत नसलं तरी घरी बोललो. काका म्हणाले, "घरच्या धंद्यात ऑडिट म्हणजे एकमेकांवर अविश्वास." चुलतभाऊ गप्प. वडील थोड्या वेळाने म्हणाले, "उलट आहे. उद्या सुतात घट जास्त दिसली तर तू मला विचारशील की याला? त्यापेक्षा तिसऱ्याने मोजलेलं बरं." तूर्त तीन महिन्यांतून एकदा फक्त सूत आवक आणि घट एवढंच बघायचं ठरलंय. कोल्हापूरचे एक कॉस्ट अकाउंटंट येणार आहेत. अहवाल चौघांनाही एकाच वेळी, एकाच मेलवर, एवढी अट मी घातली. ती मान्य झाली.

निवृत्त_शाखाधिकारी

@सायझिंगवाला +१. 'चौघांना एकाच वेळी' ही अट कधी सोडू नका.

स्टोअर्सवाली

धागा वर काढतेय. काटापावतींचं वाचून मी आमच्या काट्याच्या पावत्यांची फाइल उघडली. काटा माझ्याकडे नाही, सिक्युरिटीकडे आहे, पण एक प्रत माझ्याकडे येते. गेल्या चार महिन्यांच्या पावत्या ट्रक नंबराप्रमाणे लावायला दोन दुपारी गेल्या. पाच ट्रकचं रिकामं वजन ठीक आहे. सहाव्याचं ३१० ते ३४० किलोने वर-खाली होतंय, आणि वाढीव वजनाच्या सगळ्या खेपा संध्याकाळी साडेपाचनंतरच्या आहेत. १४ पावत्या निघाल्या.

पाणी आहे की आणखी काही, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. सोमवारी इंटर्नल ऑडिटवाले येणार आहेत. दरवेळी ते माझ्या टेबलाशी येईपर्यंत मी थांबते. या वेळी पावत्या घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे. काय लिहितात ते इथे कळवीन.